एकशे ऐंशीव्या पानावर अडलेली कादंबरी सोडावी का?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुमच्या लक्षात येईल. दिवाळीत सासऱ्यांनी तुम्हाला सहाशे पानांची, पुरस्कार मिळालेली एक कादंबरी भेट दिली. ते निवृत्त शिक्षक, त्यांनी ती दोनदा वाचलीय. तुमचं वय चौतीस, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघता. रात्री जेवणं आवरली की अंथरुणात पडून पुस्तक उघडता, दीड-दोन पानं होतात आणि हात मोबाईलकडे जातो. आता मार्च लागला. तुम्ही १८० व्या पानावर आहात आणि दर रविवारी फोनवर "जावईबापू, कुठपर्यंत आलं?" हे ठरलेलं. तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्यात: किती पानं वाचून कादंबरी सोडली तर चालतं, आणि एकदा सोडली की पुढं प्रत्येक पुस्तक सोडायची सवय तर लागणार नाही ना.

कादंबरीचं नाव तुम्ही दिलं नाही ते बरंच झालं. दिलं असतं तर निम्मे लोक तिची बाजू घेऊन भांडत बसले असते आणि तुमचं राहिलं असतं बाजूलाच.

मी सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते, बरीच वर्षं झाली. मी समीक्षक नाही की प्राध्यापक नाही. लोक काय नेतात, काय परत आणतात आणि आणताना तोंड कसं करतात, हे रोज बघते. त्यावरून सांगते.

तुमच्या मजकुरात एक वाक्य तुम्ही जाता जाता टाकलंय: "आधी महिन्याला एखादं तरी पुस्तक व्हायचं." मी त्या वाक्यापाशी थांबले. म्हणजे दिवाळीपासून आजपर्यंत तुम्ही या कादंबरीची १८० पानं वाचलीत, आणि त्याशिवाय काहीही वाचलेलं नाही. ही हातावेगळी झाल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही, असं तुम्ही मनाशी धरलंय. खरं नुकसान इथं होतंय. एक कादंबरी अर्धी राहिली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, लेखकाचंही नाही. पण ती संपत नाही म्हणून उशाशी पडून राहते आणि ती उशाशी आहे म्हणून दुसरं काही सुरू होत नाही. चार महिन्यांनी माणसाला वाटायला लागतं की आपल्याला आता वाचनच जमत नाही.

टेबलावरून हे अगदी स्पष्ट दिसतं. नेमानं येणारा वाचक एक दिवस जाडजूड कादंबरी नेतो. मुदत संपली की येतो, "जरा वाढवून द्या" म्हणतो. पुन्हा येतो, पुन्हा वाढवतो. मग स्वतः यायचा बंद होतो आणि पुस्तक मुलाच्या हाती पाठवतो. पुढं कधीतरी अनामत परत मागायला येतो. का हो, विचारलं तर, "वेळच मिळंना ओ मॅडम." कादंबरी लागली नाही असं तो म्हणत नाही, कारण त्याला स्वतःलाच तसं वाटत नसतं. उलट "मॅडम, सगळी चांगलंय म्हणत्यात, पण पुढं सरकंना" असं म्हणून जे तिसऱ्याच दिवशी पुस्तक टेबलावर ठेवतात, ते टिकतात. वर्षानुवर्षं येत राहतात.

म्हणून सोडण्याबद्दल माझं मत सरळ आहे. कादंबरी सोडल्यानं तुमचं वाचन वाचत असेल तर ती खुशाल सोडा. मात्र तुमच्या बाबतीत सोडण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासून घ्यायला हव्यात, कारण तुम्ही तिला अजून नीट वाचून पाहिलेलं नाही. रागावू नका, पुढं सांगते.

आधी एक भ्रम दूर करते. पुस्तक मध्येच सोडणारे आपण एकटेच, बाकी सगळे मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत वाचतात, असं ज्याला त्याला वाटतं. वाचनालयातली एखादी गाजलेली कादंबरी, जुनी प्रत, हातात घ्या. मिटा आणि कडेनं बघा. बोटांच्या घामानं सुरुवातीची पानं करडी झालेली असतात. आपल्या मे महिन्यात तर जास्तच. कुठंतरी शंभर-सव्वाशे पानांपाशी तो करडा रंग फिका व्हायला लागतो आणि पुढचा सगळा भाग कोरा पांढरा. शेवटची चार-पाच पानं मात्र पुन्हा मळलेली, कारण शेवट काय झाला तेवढं बऱ्याच जणांनी बघून घेतलेलं असतं. आत खुणेच्या वस्तू सापडतात: एसटीचं तिकीट, लाईटबिल, गोळ्यांची रिकामी पट्टी, लग्नपत्रिकेची फाडलेली कड. वाचणारा जिथं थांबला तिथंच त्या राहून गेलेल्या असतात. तुमच्या १८० व्या पानावरही काहीतरी असणार.

पुरस्काराचं दडपण हा यातला मोठा भाग. त्र्यं. वि. सरदेशमुख आपल्या सोलापूरचे. त्यांच्या 'डांगोरा एका नगरीचा' या कादंबरीला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती आपल्या गावच्या लेखकाची म्हणून नेणारे आणि ती वाचायचीच म्हणून नेणारे, हे दोन प्रकार मला टेबलावर वेगळे ओळखू येतात. पहिल्यांना ती जड जाते. पुस्तकात खोट आहे म्हणून नव्हे, तर अभिमानानं उचललेलं पुस्तक कुतूहलानं वाचता येत नाही म्हणून. तुमच्या हातातल्या पुस्तकावर पुरस्काराचं ओझं आहे आणि वर सासऱ्यांचंही.

आता किती पानं, हा प्रश्न. याला एक तयार नियम आहे. अमेरिकेत सिअॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी तो सांगितला. पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत, तोवर नाही रमलं तर ठेवून द्यावं. आणि वय पन्नाशीच्या वर गेलं असेल तर शंभरातून वय वजा करावं, उरतील तेवढीच पानं द्यावीत. म्हणजे सत्तरीच्या आजोबांना तीस पानं. हिशेबनिसाला आवडेल असाच नियम, आणि त्याप्रमाणे तुम्ही केव्हाच सुटलात.

मला या नियमातली भावना पटते, आकडा पटत नाही. आपल्याकडं सव्वाशे पानांच्या कादंबऱ्या आहेत, तिथं पन्नास पानं म्हणजे जवळजवळ अर्धं पुस्तक. आणि तीन पिढ्यांची सहाशे पानी कादंबरी असेल तर पन्नास पानांत अजून वाड्याचं जोतंच चाललेलं असतं. म्हणून मी पानं मोजायला सांगत नाही, बैठक मोजायला सांगते. बैठक म्हणजे सलग तासभर, डोकं ताजं असताना, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. रविवारी सकाळी घरातले उठायच्या आधी जमेल. पुण्याला रेल्वेनं जाणं होत असेल तर त्याहून उत्तम, चारेक तास सलग मिळतात. बैठक संपली की पुस्तक मिटायचं आणि त्याचा विचार मुद्दाम करायचा नाही. मग दिवसभरात बघायचं, त्यातलं कुणी आपणहून आठवतं का. गाडीवरून जाताना सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलात आणि मनात आलं, "तो म्हातारा सुनेशी असं का वागला असेल?", तर कादंबरी लागतेय. पात्र आवडलं पाहिजे असं नाही. त्याचा राग आला तरी चालेल. अशा दोन बैठका देऊनही कुणीच आठवलं नाही, एकही प्रश्न पडला नाही, तर परत करा.

तुमचा हिशेब मांडा. रात्री दोन पानं या चालीनं १८० पानं म्हणजे नव्वदेक रात्री. नव्वद वेळा उघडली, पण एकदाही बैठक दिली नाही. इतक्या तुकड्यांत कुठलीच कादंबरी जिवंत राहत नाही. कालची नावं आज विसरतात, मग मागचं अर्धं पान पुन्हा वाचावं लागतं आणि दोन पानांतलं एक त्यातच जातं. "लागली नाही" असं तुम्ही म्हणताय, पण लागायला तिला जागाच मिळालेली नाही. म्हणून म्हणाले, तुम्ही तिला अजून वाचून पाहिलेलं नाही.

त्यातून तुम्ही हिशेब बघता आणि महिना मार्चचा आहे. दिवसभर नोंदी ताळ्यात बसवून, बँकेची जुळवणी करून दमलेल्या डोक्यानं रात्री अकराला अंथरुणात पडून सहाशे पानांतला कुणाचा कोण हे लक्षात ठेवायचं! मार्चमध्ये या कादंबरीवर कुठलाच निकाल देऊ नका. मात्र ती उशाशीही ठेवू नका. एका कागदावर आतापर्यंतची माणसं लिहा, कोण कुणाचा कोण, शेवटी काय घडलं ते दोन ओळींत. तो कागद १८० व्या पानावर घाला आणि पुस्तक कपाटात ठेवा. कॅलेंडरवर तारीख टाका, पंधरा एप्रिल म्हणा. याला बाजूला ठेवणं म्हणतात, सोडणं वेगळं. तारीख टाकली नाही तर मात्र बाजूला ठेवणं ही स्वतःची समजूत घालणं असतं. माझ्या स्वतःच्या घरी अशा समजुतीचा एक आख्खा कप्पा आहे, त्याबद्दल इथं बोलायला नको.

कादंबरी न लागण्याची कारणं माणसागणिक बदलतात, आणि काही अगदी साधी असतात. चाळिशीच्या आसपासचे कितीतरी वाचक "अलीकडच्या कादंबऱ्यांत दम नाही" म्हणतात, आणि खरी गोष्ट एवढीच असते की जवळचा चष्मा लागलेला असतो. बारीक टाईप, पिवळा कागद, वर ट्यूबलाईट मागून. तुमचं वय त्याला अजून थोडं लहान आहे, पण दिवसभर संगणकावर बसता, तेव्हा एकदा डोळे तपासून घ्यायला हरकत नाही. दुसरं, घरात आजारपण चालू असताना हॉस्पिटलातल्या प्रसंगांनी भरलेली कादंबरी हातात आली तर बैठक-बिठक काही देत बसू नका, लगेच मिटा. तिथं कसोटी लावायचं कारण नाही.

भाषेचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सोलापुरात ते फार दिसतं. आपल्या पूर्व भागातून येणाऱ्या वाचकांच्या घरी तेलुगू, इतर काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू. मराठी शाळेतली आणि बाजारातली. अशा वाचकाला आजची बोलती कादंबरी सहज जाते, पण जुन्या वळणाची पल्लेदार वाक्यं आली की तो अडतो आणि दोष स्वतःकडं घेतो. उलट घरी पुस्तकी मराठी बोलणाऱ्याला एखाद्या बोलीतली कादंबरी दहा पानांत नकोशी होते, आणि तो दोष लेखकाकडं देतो. (हा फरक कसा पडतो, त्यावर कुणीतरी लिहायला हवं.) काही कादंबऱ्या आपल्याकडच्या कडक भाकरीसारख्या असतात. तशीच चावायला गेलं तर दात दुखतो, आमटीत चुरून जरा थांबलं की चव लागते. थांबायचं म्हणजे काय, तर पहिली आठ-दहा पानं मोठ्यानं वाचायची. बोली असेल तर नक्कीच. डोळ्यांना अवघड वाटणारे शब्द कानाला ओळखीचे निघतात, कारण तसं बोलणारं कुणीतरी आपण बार्शीच्या बाजारात नाहीतर मंगळवेढ्याच्या एसटीत ऐकलेलं असतं. मोठ्यानं वाचूनही वाक्य जिभेवर बसत नसेल तर मग ती भाषा तुमच्यासाठी नाही, आज तरी नाही.

जुन्या कादंबऱ्यांचा वेग संथ का वाटतो, यालाही कारण आहे. हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक १८९० मध्ये सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून क्रमशः छापली गेली. वाचणाऱ्याच्या हाती दर आठवड्याला थोडा मजकूर येई, मग तो घरात मोठ्यानं वाचला जाई, त्यावर बोलणं होई. मागचा धागा पुन्हा जुळवून देणं, एखादी गोष्ट दोनदा सांगणं हे लेखकाला भागच होतं. आज आपण ती सलग वाचायला बसतो आणि पाल्हाळ म्हणतो. असं पुस्तक हाती आलं तर आठवड्याला दोन प्रकरणं, अशी बेतानं वाचून बघा. आपट्यांच्या त्या कादंबरीतली यमूची कथा तशी वाचली तर पकडते.

अनुवादित कादंबरी असेल तर आणखी एक शंका घ्यायची. लेखक कंटाळवाणा आहे की अनुवाद? त्याच कादंबरीचा दुसरा अनुवाद मिळाला तर दोन्हींचं पहिलं पान शेजारी ठेवून वाचा. एवढं पुरतं. रशियन कादंबऱ्यांवर नाराज होऊन गेलेले वाचक निव्वळ दुसरी प्रत दिल्यावर परत आलेले मी पाहिलेत.

हे सगळं झाल्यावर उरतो तो प्रकार म्हणजे कादंबरीच फसलेली असणं. असतं तसं, पुरस्कार मिळूनही असतं. माझी एक ढोबळ तपासणी आहे. मधलं कुठलंही पान उघडा, संवादांतली नावं बोटानं झाका. कोण बोलतंय ते ओळखू येतं का बघा. आजी, वकील, गडी आणि कॉलेजातली मुलगी, सगळी एकाच चालीत बोलत असतील तर ती माणसं नाहीत, लेखकच सोंगं बदलून बोलतोय. दुसरी खूण: प्रसंग घडतात, पण ते घडल्यानं कुणाचं काही बदलत नाही. लग्न होतं, जमीन जाते, कुणी मरतं, आणि पुढच्या प्रकरणात सगळे होते तसेच. आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांत तर याद्या. लेखकानं कष्टानं माहिती गोळा केलेली असते, ती टाकवत नाही, मग दागिने, वस्त्रं, हत्यारं, पक्वान्नं पानभर ओळीनं. याद्या आल्या की मी पान उलटते. बिनदिक्कत.

पान उलटायचं म्हणजे पाप वाटतं आपल्याकडं. पोथी वाचायची सवय असलेला समाज, ओळ गाळायची नाही हे अंगात मुरलेलं. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक हे शिक्षकही होते. त्यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यांत दुसरा हक्क पानं गाळण्याचा आणि तिसरा पुस्तक पूर्ण न करण्याचा. माझ्या मते हा क्रमही उपयोगाचा आहे. तिसऱ्या हक्काकडं जायच्या आधी दुसरा वापरून बघा. एप्रिलमध्ये कपाटातून काढलीत की १८१ व्या पानावर जाऊ नका. थेट तीनशेच्या आसपास एखादं नवं प्रकरण सुरू होत असेल तिथं जा आणि तिथं बैठक द्या. ओढ वाटली तर मधलं काय झालं ते जाणून घ्यायला तुम्ही आपणहून मागं याल. नाही वाटली तर निकाल लागला. रहस्यकथेत हे चालणार नाही हे उघड आहे.

मोबाईलचं तुम्ही स्वतःच लिहिलंय म्हणून विचारते. कादंबरी कंटाळवाणी म्हणून हात मोबाईलकडं जातो, की हात जायची सवय झालीय म्हणून कादंबरी कंटाळवाणी वाटते? हे ओळखायला सोपा उपाय आहे. पूर्वी मनापासून आवडलेलं एखादं पुस्तक काढा, त्याच वेळी, त्याच अंथरुणात वीस पानं वाचा. तिथंही दुसऱ्या पानाला हात मोबाईलकडं गेला तर या कादंबरीला निर्दोष सोडा. ते पुस्तक सरसर वाचून झालं तर कादंबरीबद्दलचा तुमचा संशय खरा.

आता सवय लागण्याची भीती. ती अगदीच खोटी नाही. प्रत्येक पुस्तक विसाव्या पानाला टाकणारे वाचकही येतात आणि दर वेळी नवं नेताना फार उत्साहात असतात. फरक कळायला एक साधी वही पुरते. सोडलेल्या पुस्तकाचं नाव, कितव्या पानावर सोडलं आणि का, एका ओळीत. "कंटाळा आला" असं लिहायचं नाही, कशाचा ते लिहायचं. पाच-सहा नोंदी झाल्या की वाचून बघा. प्रत्येक वेळी एकाच सुमाराला, कुठलंही पुस्तक असो, सुटत असेल तर दम कमी पडतोय. मग कथा वाचा, लहान कादंबऱ्या वाचा, दम वाढतो. पण दर वेळी एकाच प्रकारची पुस्तकं सुटत असतील, समजा, राजेरजवाड्यांची किंवा घटस्फोटाची, तर ती तुमची आवड-निवड आहे, आणि ती कळायला पाच-सहा पुस्तकं सोडावीच लागतात.

आमच्या धंद्यातले सगळे ज्यांना गुरू मानतात त्या डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. तो आम्हा ग्रंथपालांसाठी आहे, कपाटं नीट लावा, पुस्तक चटकन काढून द्या, वगैरे. पण तिसरा मला या प्रश्नात जास्त आठवतो: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचनालयाची प्रत न वाचता महिनोन्‌महिने घरी ठेवणं म्हणजे त्या पुस्तकाला त्याच्या वाचकापासून अडवून धरणं. तुमची प्रत भेट मिळालेली आहे, तेव्हा तो गुन्हा तुमच्याकडून होत नाही, पण घरात आणखी कुणी ती मागत असेल तर आधी त्यांना द्या. कित्येकदा बायकोनं वाचून अर्ध्यात सांगितलेला एक प्रसंग नवऱ्याला त्या पुस्तकात परत ओढून आणतो.

राहिले सासरे. तुम्हाला यातलं हेच सगळ्यात अवघड वाटतंय, बरोबर? दोनदा वाचलेलं पुस्तक माणूस दुसऱ्याला देतो तेव्हा त्याला पान क्रमांक ऐकायचा नसतो, त्यावर बोलायचं असतं. "कुठपर्यंत आलं?" याच्यामागं तेच आहे. येत्या रविवारी त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच विचारा: "अण्णा, तुम्हाला यातलं कुठलं प्रकरण सगळ्यात आवडलं?" अण्णा म्हणत नसाल तर जे म्हणता ते. शिक्षक माणूस, अर्धा तास बोलतील. ते सांगतील ते एकच प्रकरण त्या रविवारी वाचा, मागचंपुढचं न बघता. मार्चमध्येही एवढं होतं. मग पुढच्या रविवारी तुमच्याकडं बोलायला खरं काहीतरी असेल. आणि तरीही कादंबरी लागली नाही तर तसं सांगायला हरकत नाही, फक्त "बोअर आहे" म्हणू नका. "मला त्यातली अमकी बाई कळली, पण तो तमका काही केल्या पटेना" असं म्हटलंत तर त्यांना वाईट वाटणार नाही, उलट ते वाद घालतील. शिक्षकाला जावयाशी पुस्तकावरून वाद घालायला मिळणं ही चैन आहे. "वाचतोय, वाचतोय" असं आणखी सहा महिने म्हणत राहिलात तर मात्र ते एक दिवस विचारणंच सोडतील.

प्रत्यक्षात काय करायचं ते क्रमानं सांगायचं तर: आज चिठ्ठी घालून पुस्तक कपाटात, या आठवड्यात जुन्या आवडत्या पुस्तकाची वीस पानं, रविवारी सासऱ्यांचं आवडतं प्रकरण. पंधरा एप्रिलनंतर दोन बैठका, त्यातली एक थेट मधून. मग निकाल, तो काय लागेल हे मला इथून सांगता येणार नाही. ते पुस्तकावर आहे आणि त्या दिवसांत तुमच्या डोक्यात काय चाललंय यावर आहे.

मधल्या काळात हात रिकामा ठेवू नका. कादंबरीच हवी असेल तर विश्राम बेडेकरांची 'रणांगण' बघा. १९३९ ची आहे, युरोपातून हिंदुस्थानाकडं निघालेल्या बोटीवर घडते, महायुद्ध तोंडावर आलेलं आणि जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू प्रवासी त्याच बोटीवर. लहान आहे, दोन बैठकांत होते. इतकंही मार्चमध्ये जमणार नाही असं वाटलं तर एखादा कथासंग्रह न्या आणि रात्री एकच कथा वाचा. एखादी नाही लागली तर पुढची काढायची, कथासंग्रहात "कुठपर्यंत आलं?" असं सहसा कुणी विचारत नाही.